अपघाताची जबानी

परभणी जिल्ह्यात अस्थिरोगाचा व्यवसाय करण्यात ज्याने उमेदीची वर्षे घालविली, त्यास ऋतू ओळखण्यासाठी पंचांग उघडावे लागत नाही. कारण रस्त्यावरून दवाखान्यात येणारी दुखापत ऋतुमानाप्रमाणे आपले स्वरूप पालटीत असते. मृग लागला की खताची पोती घेऊन निघालेल्या मोटारसायकली काळ्या मातीच्या चिखलावरून घसरतात. दसऱ्याच्या पुढे मानवत आणि सेलू येथील बाजारपेठांकडे कापसाने फुगलेली वाहने धावू लागतात. दिवाळी उलटून कारखान्यांचे गाळप सुरू झाले, म्हणजे मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत उसाचे ट्रॅक्टर रात्रभर रस्ता अडवून चालतात. फेब्रुवारीत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, आणि त्यामागोमाग येते ती लग्नसराई, जिच्यात एका जीपगाडीत किती वऱ्हाडी मावतात याचा अंदाज आजवर कोणत्याही सरकारी खात्यास आलेला नाही. कल्याणहून निघून पाथरी, परभणी, वसमत, नांदेड या मार्गाने निर्मळकडे जाणारा महामार्ग ही सारी वर्दळ अंगावर घेतो, आणि गंगाखेड, जिंतूर, पालम, सोनपेठ, पूर्णा या बाजूंचे रस्ते तीत आपापली भर घालतात.

या वर्दळीतून येणाऱ्या जखमींपैकी ज्यांची दुखापत कमरेच्या खाली आणि मांडीच्या वर असते, त्यांच्याविषयी मला लिहावयाचे आहे. फुटलेले डोके सर्वांस दिसते. मोडलेली नळी पाय वाकडा करून आपले अस्तित्व जाहीर करते. परंतु खुबा आणि श्रोणी, म्हणजे कमरेखालचे हाडांचे कडे, ही मांसाच्या जाड थरांखाली, वस्त्रांखाली आणि त्याहूनही दाट अशा संकोचाखाली झाकलेली असतात. शिवाय तेथून उठणारी वेदना आपले ठिकाण प्रामाणिकपणे सांगेलच असा भरवसा नसतो. खुब्यातील दुखणे गुडघ्यात जाणवते, पाठीच्या कण्यातील दुखणे खुब्यात येऊन बसते, आणि श्रोणीच्या मागच्या सांध्यातील दुखण्यास आपल्याकडचा रोगी सरसकट ‘कंबर भरली’ म्हणून मोकळा होतो. अशा वेळी निदानाचा आरंभ कोठून करावयाचा, हे मला ग्रंथांनी जितके शिकविले, तितकेच सरकारी कागदांतल्या एका उणिवेनेही शिकविले.

अपघात झाला की कागद होतो. ठाणे अंमलदार जबानी घेतो, जमादार घटनास्थळी जाऊन पंचांसमक्ष पंचनामा करतो, आणि वाहनाचा क्रमांक, चालकाचे नाव, परवान्याची मुदत, रस्त्याची रुंदी, चाकांच्या खुणा, फिर्याद दाखल झाल्याची वेळ, असा सर्व तपशील दस्तऐवजात रुजू होतो. कसूर कोणाची, हे ठरविणे हा त्या कागदाचा हेतू असल्यामुळे त्यात काही वावगे नाही. परंतु जखमी मनुष्य त्या वाहनात बसला कसा होता, तोंड कोणत्या दिशेस होते, गुडघे जुळलेले होते की फाकलेले, हातात दांडा होता की कडेवर मूल होते, याविषयी त्यात एक अक्षरही नसते. आणि वैद्यास जे प्रथम कळावयास पाहिजे ते नेमके हेच होय. कारण वाहन आदळते त्या क्षणी शरीर ज्या आसनात असेल, त्या आसनाने आघाताचा मार्ग ठरतो, आणि त्या मार्गावर जे अस्थि-संधी लागतील त्यांच्यावर तो आघात खर्ची पडतो.

आमच्या भागातील वाहनांचा या दृष्टीने विचार करू लागलो, तेव्हा एकाच धडकेतून एकाच गाडीतील माणसांना निरनिराळ्या दुखापती का होतात, याचा उलगडा होऊ लागला. काळ्या-पिवळ्या जीपच्या मागील भागात समोरासमोर दोन बाक असतात, आणि त्यांवर बसलेले उतारू गाडीच्या गतीस आडवे बसलेले असतात. म्हणून गाडीस समोरून बसलेली धडक त्यांना कुशीवर बसते, एकमेकांच्या अंगावर रेटले जाऊन त्यांची श्रोणी बाजूने दाबली जाते, पुढे जघनास्थीच्या फांद्या तडकतात आणि मागे त्रिकास्थी चेपते. त्याच गाडीत चालकाशेजारी बसलेल्याचे गुडघे मात्र समोरच्या पत्र्यावर आदळतात, आणि तो आघात मांडीच्या हाडातून सरळ मागे जाऊन खुब्याचा गोळा वाटीच्या मागील काठावरून बाहेर ढकलतो. मोटारसायकल चालविणाऱ्याच्या दोन मांड्यांच्या मध्ये पेट्रोलची टाकी असते. गाडी थांबते, तो थांबत नाही, आणि टाकीवर आपटून श्रोणीचा पुढील सांधा उकलतो. मागे एका अंगाने बसलेली बाई गतिरोधकावर उसळून पाठीमागे पडते, आणि तिच्या माकडहाडास किंवा त्रिकास्थीस इजा होते. रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यास धडक बहुधा कुशीवरच मिळते. उसाच्या ट्रॉलीचे चाक मांडीवरून गेले, तर कधी हाड शाबूत राहूनही कातडी आतल्या आत मांसापासून सुटते आणि त्या पोकळीत रक्त व लस साचत राहते. मोरेल-लाव्हाले नामक फ्रेंच शल्यज्ञाने एकोणिसाव्या शतकात वर्णिलेली ही दुखापत पहिल्या दिवशी नुसत्या खरचटण्यासारखी दिसते. हे सर्व ध्यानात आल्यापासून माझा पहिला प्रश्न बदलला. ‘कोठे दुखते?’ हे मी मागाहून विचारू लागलो. आधी ‘कसे बसला होतात?’ हे विचारू लागलो.

लग्नाहून परतणाऱ्या एका जीपगाडीस पाथरीच्या अलीकडे अपघात होऊन काही जखमी आमच्याकडे आले, त्यांत पन्नाशीचे एक शेतकरी होते. गुडघ्यावर खोल जखम होती, तिच्यावर कोणी तरी हळद दाबून उपरण्याची पट्टी बांधली होती, आणि गृहस्थांची तक्रारही तेवढीच होती.

“डाक्टरसाहेब, गुडघा लई दुखायलाय. तेवढा गुडघ्याचा फोटो काढा.”

“काढू मामा. गाडीत कुठं बसला होतात?”

“पुढं. डायवरच्या शेजारी.”

“किती जण होता?”

“आम्ही तिघं, अन् नातू मांडीवर.”

“पाय कसे होते?”

“कसे असणार? मधी गियरचा दांडा. एकमेकाला चिकटून बसलो होतो.”

या शेवटच्या वाक्यात निदानाचा अर्धा भाग आला. गुडघे फाकलेले असते, तर तो आघात खुब्याच्या वाटीच्या हाडात शिरून ती फोडण्याचा संभव अधिक होता. गुडघे जुळलेले, मांडी आत ओढलेली, अशा स्थितीत गोळा वाटी सोडून निखळण्याचा संभव अधिक. उरलेला अर्धा भाग त्यांच्या निजण्याच्या रीतीत होता. मांडी किंचित दुमडलेली, आतल्या बाजूस वळलेली, गुडघा दुसऱ्या मांडीवर टेकलेला, आणि पाय आखूड; नातलगांस वाटत होते की गुडघा दुखतो म्हणून मामांनी पाय तसा घेतला आहे, आणि वस्तुतः त्यांस तो दुसऱ्या कोणत्याही रीतीने ठेवताच येत नव्हता. खुब्याजवळ मोडलेल्या हाडाचा पाय आखूड होऊन बाहेर वळतो, मागे निखळलेल्या खुब्याचा पाय आखूड होऊन आत वळतो, हा भेद ध्यानात असला तर चादर न काढताही संशय यावा. असे का होते, याची उपपत्ती बोस्टनच्या हेन्री बिगेलो यांनी १८६९ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. खुब्याच्या पुढील बाजूस असलेला एक बळकट स्नायुबंध अशा प्रसंगी सहसा तुटत नाही, आणि निखळलेला पाय त्यास बांधल्यासारखा एकाच पवित्र्यात अडकून राहतो, हे त्यांनी दाखविले. रॉन्टगेन यांस क्ष-किरण सापडले १८९५ साली. म्हणजे निव्वळ हातांनी, डोळ्यांनी आणि शवविच्छेदनाने त्या मनुष्याने जे जाणले, ते क्ष-किरणांनी पुढे केवळ रुजू केले.

मामांचा फोटो आम्ही काढला, पण गुडघ्यापाशी थांबलो नाही. संपूर्ण श्रोणीचा, दोन्ही खुबे एकाच चित्रात येतील असा काढला. निरोगी खुब्यात मांडीच्या हाडाची आतली कड आणि जघनास्थीची खालची कड मिळून जी एक अखंड कमान दिसते, ती उजवीकडे सलग होती आणि डावीकडे तुटलेली होती. निखळलेला गोळा शक्यतो सहा तासांच्या आत जागेवर बसवावा, असा आमच्या शास्त्राचा दंडक आहे. कारण गोळ्यास रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या ताणलेल्या, पिळलेल्या असतात आणि विलंबागणिक गोळ्याच्या जगण्याची आशा घटत जाते. भूल देण्यापूर्वी पायाचा पंजा वर उचलता येतो की नाही तेवढे पाहून घेतले, कारण मागे सरकलेला गोळा कटीतून उतरणाऱ्या मोठ्या मज्जातंतूवर दाब देतो, आणि तंतूची इजा उपचारापूर्वीची की नंतरची, हा वाद पुढे कोणासही सोयीचा नसतो. गोळा जागेवर बसला, तो आवाज खोलीतल्या सर्वांनी ऐकला.

वेदना अशी आडवाटेने का जाते, हे रोग्यास समजावून सांगणे कठीण नाही. जो मज्जातंतू खुब्याच्या सांध्यास शाखा देतो, त्याचीच एक शाखा गुडघ्याकडे जाते, आणि मेंदूस तो निरोप कोणत्या शाखेवरून आला याचा उमज पडत नाही. कठीण आहे ते रोग्याकडून ठिकाण काढून घेणे. खुब्याच्या सांध्याचे खरे दुखणे बहुधा जांघेत असते, कुशीच्या बाजूस नसते. परंतु जांघेवर बोट ठेवणे आमच्या ग्रामीण स्त्रियांस, आणि पुष्कळशा पुरुषांसही, अशक्यप्राय वाटते. सासूच्या देखत सून बोट ठेवते ते कमरेवर. यावर मी एक साधी तोड काढली होती. बाईला विचारावयाचे की चुलीपुढे बसताना त्रास होतो की उठताना, कूस बदलताना होतो की पायरी चढताना, आणि जात्यावर किंवा शिवणयंत्रावर बसता येते की नाही. कूस बदलताना जीव जात असेल तर दुखणे श्रोणीच्या कड्यात. मांडी घालता येत नसेल, पायांत चप्पल सरकविण्यास वाकता येत नसेल, तर खुब्यात. खोकताना आणि शिंकताना कळ पायात उतरत असेल तर कण्यात. हे ठोकताळे आहेत, सिद्धांत नव्हेत. पण त्यांच्या साह्याने हात कोठे ठेवावा आणि परिचारिकेस किंवा मावशीस कधी बोलवावे, हे कळते, आणि रोगिणीची लाजही राखली जाते.

एका सायंकाळी जिंतूरच्या रस्त्यावरून बाप आणि मुलगा असे दोघे आणले गेले. बापाच्या कोपरास आणि खांद्यास खरचटले होते. मुलगा विशीच्या आतबाहेरचा, चेहरा पांढरा फटक, नाडी जलद आणि बारीक. बापाने दारातच सांगितले, “गाडी मी चालवत होतो. पोरगं मागं होतं.” ठाण्यातही त्याने हीच जबानी दिलेली होती. मुलाच्या दोन्ही मांड्यांच्या आतल्या अंगास काळेनिळे वळ होते, वृषणामागील जागा सुजून जांभळी झाली होती, आणि लघवीच्या द्वाराशी रक्ताचा एक थेंब होता.

अशा रोग्याची श्रोणी दोन्ही हातांनी दाबून, हलवून पाहण्याची जी जुनी सवय आहे, ती एकदा, हळू आणि अनुभवी हाताने पुरे. पुनःपुन्हा हलविल्यास आत धरलेली रक्ताची गुठळी सुटते, आणि श्रोणीच्या पोकळीत मनुष्याचे बहुतेक सर्व रक्त बाहेर दिसू न देता मावू शकते. आधी कपडा बांधावा. मी चादर मागविली, ती आखूड पडली, तेव्हा त्याच्या आईचे सुती लुगडे घडी करून दोन्ही खुब्यांच्या उंचवट्यांवरून घट्ट आवळले. लोक कपडा कमरेस, म्हणजे पोटाच्या पातळीस बांधतात. त्याचा उपयोग होत नाही. तो खाली, मांड्यांच्या मुळाशी बांधावा लागतो, कारण उकललेले कडे तेथूनच मिटते. परिचारिका लघवीची नळी घेऊन आली होती, तिला मी थांबविले. त्या रक्ताच्या थेंबाचा अर्थ मूत्रमार्ग फाटला असावा असा होता, आणि फाटलेल्या मार्गात आंधळेपणाने घातलेली नळी अर्धवट फाटलेला मार्ग पुरता तोडते.

आता प्रश्न असा की मागे बसलेल्या मुलास ही दुखापत व्हावी कशी? मागे बसणाऱ्याच्या पुढ्यात टाकी नसते, चालकाची पाठ असते. मुलगा खरोखरच मागे बसलेला असून फेकला गेला असेल आणि त्याच्या ओटीपोटावरून एखादे चाक गेले असेल, तर मला मूत्राशय, आतडे आणि यकृत यांचा तपास निराळ्या क्रमाने करावयास पाहिजे होता; तो पुढे बसलेला असेल, तर टाकी हेच कारण पुरेसे होते. मी बापास बाजूस घेतले आणि म्हणालो, “इथं पोलीस नाहीत अन् वकीलही नाही. पोरगं कुठं बसलं होतं तेवढं खरं सांगा. त्यावर पुढचं सगळं आहे.” बाप भिंतीकडे पाहत राहिला. उत्तर खाटेवरून आले. “मीच चालवत होतो, साहेब. माझ्याकडं लायसन नाही, म्हणून बाबा तसं म्हणायलेत.”

कागदावर अपघाताच्या हकिगतीचा रकाना असतो. त्यात मी बापाने प्रथम सांगितलेले लिहिले, आणि त्याखाली मुलाने स्वतः सांगितलेले, त्याच्याच शब्दांत, वेळेसह लिहिले. बापाने ते लिहिताना पाहिले. नुकसानभरपाईचा दावा, विमा कंपनीचा वकील, आणि ठाण्यात दिलेली निराळी जबानी, हे सर्व त्याच्या मनात त्या क्षणी उभे राहिले असणार. आणि खाडाखोड करण्याची विनंती येणार म्हणून मी मनाची तयारी केली होती. पण तो म्हणाला, “दाव्याचं काय व्हायचं ते होऊ द्या. आधी त्याच्या लघवीचं बघा.” ओटीपोटातून मूत्राशयात नळी घालून लघवी मोकळी करून दिली, रक्त चढविले, आणि लुगडे तसेच आवळलेले ठेवून मुलास रातोरात नांदेडास पाठविले, तेथे पुढील सांध्यावर पट्टी बसवून ते कडे मिटविण्यात आले. फोटोत त्या सांध्यातील अंतर अडीच सेंटिमीटरांहून अधिक होते, आणि एवढे अंतर दिसले की मागील सांध्याचे पुढचे स्नायुबंधही तुटले, असे समजावयाचे असते.

श्रोणीचे कडे आणि काचेची बांगडी यांत हे साम्य आहे, की दोन्ही एकाच जागी सहसा मोडत नाहीत. पुढे एक तडा सापडला की मागे दुसरा शोधावा, मागे सापडला की पुढे शोधावा, हा नियम विद्यार्थ्यास पहिल्या वर्षी शिकवितात, आणि गर्दीच्या दवाखान्यात तोच सर्वांत आधी विसरला जातो. पालम तालुक्यातील एक ऊसतोड कामगार बाई उसाने भरलेल्या ट्रॉलीवर बसून तळावर परतत असता, ट्रॉलीचे चाक खड्ड्यात जाऊन खाली फेकली गेली होती. दुसरीकडे कोठे तरी तिच्या डाव्या खुब्याचा फोटो निघाला होता, तो साफ होता, आणि तसे कागदावर लिहिलेही होते. दोन आठवडे उलटले तरी तिला डाव्या पायावर भार देता येईना. तिच्याबरोबर नवरा होता, आणि मुकादमही होता.

मुकादम म्हणाला, “साहेब, हाड मोडलं नाही म्हणून लिहून आलंय. एका कोयत्याची उचल दिलीय मी. खाडे किती दिवस धरायचे?”

बाई बाकावर बसली होती, पण तिने सारा भार उजव्या अंगावर घेतला होता आणि डावे अंग अधांतरी धरले होते. ती कोणत्या अंगावर पडली, हे विचारल्यावर तिने पदर सावरून डाव्या कुशीवर मागच्या बाजूस हात ठेवला. जुना फोटो मी उजेडासमोर धरला. खुब्याचा गोळा, वाटी, मांडीच्या हाडाची मान, सर्व निर्दोष होते. ज्याने ‘साफ’ असे लिहिले त्याने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले होते. परंतु तो फोटो अर्ध्याच श्रोणीचा होता, आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात कमरेच्या पाचव्या मणक्याचा जो आडवा काटा जेमतेम आला होता, त्याच्या टोकाशी एक बारीक फट होती. त्या काट्यापासून श्रोणीच्या मागील भागापर्यंत एक मजबूत स्नायुबंध जातो. काटा तुटला असेल तर कड्याचा मागचा भाग हलला असण्याचा संशय घ्यावाच लागतो. संपूर्ण श्रोणीचा फोटो काढला, त्यात जघनास्थीच्या फांदीवर केसासारखी रेषा दिसली. नंतर क्ष-किरणांची नळी रोग्याच्या डोक्याच्या दिशेने तिरपी करून आणखी एक फोटो घेतला, तेव्हा त्रिकास्थीतील छिद्रांच्या कमानींपैकी डावीकडची कमान तुटलेली दिसली. नेहमीच्या सरळ फोटोत त्रिकास्थीवर आतड्यांतील वायूची छाया पडते आणि हाड स्वतःच तिरपे असते, म्हणून तेथील तडा पुष्कळदा दृष्टीस पडत नाही. ज्या गावी सीटी स्कॅन हाताशी आहे तेथे हा खटाटोप करावा लागत नाही. आमच्याकडे तो हाताशी येण्यापूर्वी नळी तिरपी करणे हाच तोडगा होता.

तडा जागचा सरकलेला नव्हता. कुबड्या, विश्रांती, आणि काही आठवडे डाव्या पायावर भार न देणे, एवढ्यावर तो जुळणार होता. मुकादमास मी फोटो दाखविला आणि बोटाने दोन्ही जागा दाखविल्या. त्यानंतर खाड्यांविषयी तो बोलला नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. नवऱ्याने बाहेर जाता जाता हलक्या आवाजात विचारले, “पुढं बाळंतपणाला काही अडचण?” कड्याचा आकार बिघडला नसेल तर सामान्यतः नसते, असे मी त्यास सांगितले, हा प्रश्न बाईच्या मनात पहिल्या दिवसापासून असणार, आणि तो मला कोणीतरी विचारण्याची वाट न पाहता मी आपण होऊन सांगावयास हवे, असे मला नेहमीच वाटत आले आहे.

सुश्रुताने भग्नाचे दोन मुख्य वर्ग केले, सांध्यातून सुटलेले आणि कांडात मोडलेले. पहिल्याचे सहा आणि दुसऱ्याचे बारा पोटभेद सांगितले. खालच्या अंगाच्या अस्थिभंगासाठी फळीवर निजवून खुंट्यांनी अंग स्थिर करण्याची कपाटशयन नावाची योजना सांगितली. एवढा धीट शल्यज्ञ, पण कटीचे चपटे हाड फुटलेला, तेथील संधी सुटलेला आणि जघनाचा चेंदा झालेला रोगी त्याने वैद्यास सोडून देण्यास सांगितला आहे. त्या काळी रक्त चढविता येत नव्हते, भूल नव्हती, आणि आतील तडा पाहण्याचे साधन नव्हते. त्याचा निर्णय निष्ठुर नसून प्रामाणिक होता. १८४७ साली फ्रान्समध्ये मालगेन्य यांनी पुढे-मागे दोन्ही जागी उभी मोडणारी श्रोणी वर्णिली. १९६४ मध्ये ज्युडे आणि लेतूर्नेल यांनी खुब्याच्या वाटीच्या अस्थिभंगांचे वर्गीकरण करून, पंचेचाळीस अंश कललेल्या दोन फोटोंत ती वाटी कशी वाचावी हे शिकविले. आणि पुढील पिढीने श्रोणीच्या दुखापतींची वाटणी आघात कोणत्या दिशेने आला यावर केली: पुढून, बाजूने, की खालून वर. सुश्रुताने ज्यास हात लावू नये म्हटले, त्याची चिकित्सा अखेर ज्या प्रश्नापाशी येऊन सुरू झाली, तो आघाताच्या दिशेचा प्रश्न होता. आणि ती दिशा जखमीच्या आसनावाचून कळत नाही.

कायद्याचा संबंध येथे पुन्हा येतो. भारतीय दंड संहितेच्या ३२० व्या कलमान्वये हाड मोडणे किंवा निखळणे ही ‘जबर दुखापत’ ठरे, आणि त्याच कलमात, वीस दिवसपर्यंत तीव्र वेदना भोगणाऱ्या किंवा नित्याचा व्यवसाय करू न शकणाऱ्या जखमीचीही तजवीज होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत, ११६ व्या कलमात, ती मुदत पंधरा दिवसांवर आली आहे. म्हणजे ‘साफ’ या एका शेऱ्याने त्या ऊसतोड बाईची दुखापत किरकोळ ठरत होती, आणि तिरप्या फोटोतील एका रेषेने ती जबर ठरली. दाखला देणारा वैद्य त्यामुळे न्यायदानाच्या कामी अनिच्छेने सहभागी झालेला असतो. त्याने वेदना फुगवूही नये आणि घटवूही नये, आणि दोन्हींसाठी त्याच्यावर दडपण येते. दावा मोठा व्हावा म्हणून लंगडणारे मी पाहिले आहेत. चालक मेहुणा आहे म्हणून दात-ओठ खाऊन सरळ चालणारेही पाहिले आहेत.

पण कायद्याच्या मुदती आणि हाडांच्या मुदती यांचा मेळ बसत नाही. ज्या मामांचा खुबा आम्ही वेळेत जागेवर बसविला होता, ते दुसऱ्या वर्षी परत आले, आणि पुन्हा म्हणाले, “गुडघा दुखायलाय.” गुडघ्याची जखम केव्हाच भरली होती, सांधा मोकळा होता. खुबा आत वळविताच त्यांनी माझा हात धरला. फोटोत गोळ्याचा वरचा भाग चेपू लागला होता. रक्त न मिळालेले हाड कित्येक महिने आपला आकार टिकवून धरते आणि मग ढासळते, म्हणून निखळलेल्या खुब्याचा रोगी बरा झाला असे दोन वर्षे तरी म्हणू नये. त्यांच्या दाव्यात मात्र तडजोड होऊन तो निकालात निघाला होता, आणि अपंगत्वाचे प्रमाण ज्या दिवशी ठरले त्या दिवशी ते पायी चालत न्यायालयात गेले होते. पुढे त्यांचा सांधा बदलावा लागला. त्याचा खर्च ज्वारीने आणि दोन म्हशींनी सोसला.

परभणीस आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, आणि ज्या फोटोंसाठी आम्ही नळ्या तिरप्या करीत होतो ते सीटी स्कॅनच्या यंत्रावर काही मिनिटांत निघतात. नव्या मुलांनी यंत्रास अवश्य विचारावे. परंतु यंत्रास कोणत्या भागाविषयी विचारावयाचे, हे यंत्र सांगत नाही. म्हणून माझी त्यांस एक व्यावहारिक सूचना आहे. अपघात विभागातील कागदावर वाहनाच्या क्रमांकाखाली आणखी एक रकाना छापून घ्यावा, आणि त्यात जखमी पुढे होता की मागे, तोंड कोणीकडे होते, पाय कसे होते, आणि कोणत्या अंगावर पडला, एवढे त्याच्या भाषेत लिहावे. त्या रकान्यास खर्च शाईचा येईल. ठाण्यातल्या जबानीशी तो न जुळला तर वकिलांचे प्रश्न येतील, आणि ते आले तर द्यावयाचे उत्तर सोपे आहे: हा कागद कसूर ठरविण्यासाठी नव्हे, कोठे दुखावले आहे ते शोधण्यासाठी लिहिला.